आडवा आला की आडवा होता?

मुलांच्या फुटबॉल सामन्याला पालक जमले असतील, तर पहिल्या पाच-दहा मिनिटांतच मैदानाच्या कडेने "रेफ्री, धक्का!" अशी आरोळी उठते. बहुतेक वेळा घडलेलं इतकंच असतं: दोन मुलं एकाच चेंडूकडे धावली, खांद्याला खांदा भिडला आणि त्यातलं हलकं मूल पडलं. पंच शिट्टी ओठांपर्यंतही नेत नाहीत. थोड्या वेळाने उलटंच घडतं. कुणी कुणाला बोटही लावलेलं नसतं, कुणी पडलेलं नसतं, तरी शिट्टी वाजते आणि पंच एक हात सरळ डोक्यावर धरून उभे राहतात. धक्का लागला तेव्हा फाऊल नाही, आणि लागलाच नाही तेव्हा फाऊल! कडेची माणसं वैतागतात ते समजण्यासारखं आहे. पण हे दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात, आणि ते कसे हे एकदा ध्यानात आलं की मुलांचा सामना निराळाच दिसू लागतो.

फुटबॉल हा अंगाला अंग लागणारा खेळ आहे. १८६३ साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा सर्वांत मोठं भांडण याच मुद्द्यावर झालं. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा असलीच पाहिजे, असा काही क्लबांचा आग्रह होता. ती मुभा काढून टाकली गेली तेव्हा ब्लॅकहीथ हा क्लब असोसिएशनमधून बाहेर पडला. पुढे १८७१ मध्ये रग्बी युनियन स्थापन करणाऱ्या क्लबांत तो दिसतो. लाथ गेली, पण खांद्याची धडक राहिली. कितीतरी वर्षं गोलरक्षकालाही ती चुकत नसे. १९५८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाऊसने मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक हॅरी ग्रेग याला असं रेटलं की गोलरक्षक आणि चेंडू दोघेही गोलरेषेच्या आत गेले. पंचांनी गोल दिला. आज तसा गोल कोणताही पंच देणार नाही. म्हणजे किती धक्का चालतो याचं माप काळाबरोबर सरकत आलं आहे, पण धक्का मुळीच चालत नाही असं फुटबॉलने कधीच म्हटलेलं नाही.

खेळाचे नियम इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड म्हणजे आयफॅब ही १८८६ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. मुलांच्या सामन्यांसाठी बरंच काही बदलायची मोकळीक ही संस्था देते: मैदानाचा आकार, चेंडूचा आकार आणि वजन, खेळाडूंची संख्या, सामन्याची वेळ, बदली खेळाडूने पुन्हा आत येणं. सात-आठ वर्षांची मुलं तीन नंबरच्या चेंडूने खेळतात, बारा वर्षांपर्यंतची चार नंबरच्या, आणि मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू त्यानंतर येतो. फाऊल कशाला म्हणायचं हे सांगणारा बारावा नियम मात्र नऊ वर्षांच्या मुलीला आणि विश्वचषक खेळणाऱ्या खेळाडूला एकच आहे. मुलांच्या पंचाचं काम अवघड होतं ते इथेच. नियम मोठ्या माणसांच्या अंगाकडे पाहून लिहिलेला आणि समोरची शरीरं अजून वाढायची.

बाराव्या नियमात आधी सात कृती येतात. प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक देणं, त्याच्यावर उडी घेणं, लाथ मारणं, ढकलणं, फटका मारणं, चेंडू काढून घेण्यासाठी त्याला भिडणं आणि तंगडी घालणं. पण ही कृती घडली म्हणजे लगेच फाऊल झाला असं नियम म्हणत नाही. ती निष्काळजीपणे, बेफिकिरीने किंवा गरजेपेक्षा जास्त ताकद लावून झाली असेल, तरच डायरेक्ट फ्री किक. या तीन पायऱ्या पंचांच्या डोक्यात सतत जाग्या असतात. निष्काळजी म्हणजे भिडताना पुरेसं भान ठेवलं नाही, पाय उशिरा पडला, अंदाज चुकला. याला फ्री किक पुरते, कार्ड नाही. बेफिकीर म्हणजे समोरच्याला काय होईल याची पर्वाच न करता घुसणं. त्याला पिवळं कार्ड. आणि तिसऱ्या पायरीत समोरच्याच्या हातापायाला, डोक्याला धोका होईल इतका जोर असतो. तिथे लाल कार्डच.

हेतूचा उल्लेख यात कुठेही नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो होता, फाऊल 'मुद्दाम' केलेला असावा लागे आणि पंचाला खेळाडूच्या मनात शिरावं लागे. तो शब्द गेला हे फार चांगलं झालं, आणि मुलांच्या खेळात तर त्याची किंमत जास्तच आहे. दहा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या घोट्यावर पाय देतो आणि रडवेल्या चेहऱ्याने म्हणतो, "सर, मी मुद्दाम नाही केलं." तो खरंच बोलत असतो. या वयात मुद्दाम केलेले फाऊल थोडेच. बहुतेक फाऊल होतात ते पाय आणि डोळे यांचा मेळ अजून बसलेला नसतो म्हणून. पंचाने त्याचं म्हणणं खरं मानावं आणि फ्री किकही द्यावी. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे मुलाला त्या क्षणी कळलं, तर फाऊल म्हणजे आपल्या स्वभावावरचा ठपका नव्हे, हेही त्याला आपोआप कळतं.

आता खांद्याच्या धडकेकडे येऊ, कारण कडेच्या आरोळ्या सर्वांत जास्त तिच्यासाठी उठतात. धडक योग्य ठरायची तर ती साधारणपणे खांद्याने किंवा दंडाने, हात अंगाशी ठेवून दिलेली असावी, आणि चेंडू खेळण्याच्या टप्प्यात असावा. कोपर अंगापासून सुटलं की ती धडक राहत नाही, ढकलणं किंवा फटका होतो. पाठीत दिलेला धक्काही मुलांच्या सामन्यात जवळजवळ नेहमीच फाऊल ठरतो. ज्याला तो येताना दिसत नाही त्याला अंग सावरायला वेळच मिळत नाही. चेंडू दूर असताना दिलेल्या धडकेला तर कसलाच आधार उरत नाही. तिथे चेंडूसाठी नव्हे, माणसासाठी अंग वापरलेलं असतं.

हा 'खेळण्याचा टप्पा' म्हणजे किती? नियमातलं उत्तर मला फार आवडतं. पाय लांब करून किंवा उडी मारून चेंडूला स्पर्श करता येईल इतकं अंतर, आणि ते खेळाडूच्या अंगकाठीवर अवलंबून असतं. मीटर-सेंटिमीटरचा पत्ताच नाही. म्हणजे सहा फुटी बचावपटूला जो चेंडू टप्प्यात आहे, तोच चेंडू चार फुटी मुलीला टप्प्याबाहेर असू शकतो. मोठ्यांचे सामने घेऊन आलेले पंच इथे हमखास गडबडतात. त्यांच्या नजरेला सवय असते लांब पायांची. आठ वर्षांच्या मुलाचा टप्पा जेमतेम त्याच्या एका पावलाएवढा असतो, हे डोळ्यांत बसायला बरेच सामने जावे लागतात.

आणि मग अंगाच्या फरकाचा खरा प्रश्न येतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी. पण हे सरासरीचं गणित झालं. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचे गाल अजून बाळसेदार असतात. जन्मदाखला सारखा, पण हाडं दोन-तीन वर्षं पुढेमागे. त्यातून वयाच्या गटाची रेघ कुठेतरी ओढावीच लागते, तेव्हा गटातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान मूल यांच्यात बाराएक महिन्यांचं अंतर पडतंच. सतरा वर्षांखालच्या गटात एखादा गुणी पंधरा वर्षांचा मुलगाही उतरतो. आपल्याकडे वयचोरीची जुनी कीड आहे. तिच्यावर उपाय म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघ लहान गटांसाठी मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय पाहण्याची चाचणी वापरत आला आहे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या काही अकादम्यांनी २०१५ मध्ये जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून स्पर्धा घेऊन पाहिली. त्यात लवकर वाढलेल्या मुलांना पहिल्यांदाच आपल्याएवढ्या ताकदीची मुलं समोर भेटली आणि अंगाऐवजी डोक्याने खेळावं लागलं.

पंचाला मात्र समोर आलेल्या मुलांवरच निर्णय द्यायचा असतो. धडक झाली, लहान मूल तीन फूट लांब जाऊन पडलं, मोठं जागच्या जागी उभं. बघणाऱ्याचं मन पडलेल्याकडे धाव घेतं. पंचाने पाहायचं असतं ते पडण्याच्या आधीचं. दोघंही चेंडूकडेच पाहत होते का? चेंडू टप्प्यात होता का? खांदा खांद्याला लागला की मोठ्याने शेवटच्या पावलाला अंग झोकून दिलं? हात कुठे होते? सगळं नीट असेल, तर पडणं हा फक्त वजनाचा परिणाम आहे, आणि वजन असणं हा गुन्हा नाही. मुलांच्या फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त अन्याय होत असेल तर तो उंच, लवकर वाढलेल्या मुलामुलींवर, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजते. चौदा वर्षांची एखादी धिप्पाड मुलगी दोन-तीन मोसम हे सोसते आणि मग भिडायचंच सोडून देते, चेंडूपासून अर्धं पाऊल मागे राहून खेळते. अशी गुणी बचावपटू हातची जाते आणि नेमकं काय बिघडलं ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोठ्या मुलाचा खांदा लहानाच्या जबड्याच्या उंचीला येत असेल, तर 'खांद्याला खांदा' हे मापच तिथे लागू पडत नाही. निष्काळजीपणाच्या व्याख्येत समोरच्याचं भान ठेवणं येतं, आणि समोरचा आपल्या छातीएवढा आहे हे दिसत असताना उडी घेऊन भिडणं म्हणजे ते भान न ठेवणं. उंची झपाट्याने वाढत असते त्या महिन्यांत मुलांना स्वतःचेच हातपाय लांब पडतात. कोपर कुठवर जातं याचा अंदाज राहत नाही. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या सामन्यात हवेतल्या चेंडूसाठी उडी घेताना उघडलेली कोपरं जाणते पंच पहिल्या मिनिटापासून टिपतात आणि पहिल्याच वेळी शिट्टी वाजवून मुलाला दोन शब्द सांगतात: "हात खाली."

आता पडण्याशी आणि धक्क्याशी संबंध नसलेला तो दुसरा निर्णय, अडवणूक. इथे सगळा खेळ दोनच प्रश्नांचा आहे. चेंडू टप्प्यात होता का, आणि खेळाडू आडवा आला की आडवा होता?

मैदानावर प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या जागेचा हक्क आहे, असं नियम स्पष्ट सांगतो. मी इथे उभा आहे, तू धावत येतोस, तर वळसा तू घालायचा. मी बाजूला व्हायला बांधलेला नाही. तू मला येऊन धडकलास तर उलट फाऊल तुझ्यावर लागू शकतो. पण चेंडू दोघांच्याही टप्प्याबाहेर असताना मी तुझ्या वाटेत सरकलो, तुला थांबायला, वेग कमी करायला किंवा वाट बदलायला लावली, तर ती अडवणूक. चेंडू टप्प्यात असेल तर मात्र मला अंग मध्ये घालून तो राखता येतो. त्याला अडवणूक म्हणत नाहीत, ते कसब आहे. बदल्यात एक गोष्ट मी गमावतो: चेंडू टप्प्यात असल्यामुळे तुला मला खांद्याने योग्य रीतीने रेटायचा हक्क मिळतो. नियमाचा हा तोल विलक्षण नेटका आहे. एकाला अंग आड घालायची मुभा, तर दुसऱ्याला ते अंग रेटायची. आणि दोन्ही मुभा एकाच अटीवर, चेंडू जवळ असण्यावर.

मुलांच्या सामन्यात याचं नेहमीचं उदाहरण गोलरेषेजवळ दिसतं. चेंडू हळूहळू बाहेर चालला आहे, गोल किक मिळणार. बचावपटू चेंडू आणि आघाडीपटू यांच्या मध्ये अंग घालून त्याच्याबरोबर चालतो. चेंडू पावलाच्या अंतरावर आहे तोवर हे योग्यच. पण घाबरलेलं मूल बहुतेकदा चेंडूकडे पाहतच नाही, मागच्या मुलाकडे पाहतं. चेंडू पाच-सहा पावलं पुढे निघून गेला तरी हे मागे वळून त्याची वाट अडवत राहतं. ज्या क्षणी चेंडू टप्प्याबाहेर गेला, त्या क्षणी राखणं संपलं आणि अडवणूक सुरू झाली. पंच अशा वेळी मुलांच्या छातीकडे न पाहता चेंडू आणि सर्वांत जवळचा पाय यांच्यातल्या मोकळ्या जागेकडे पाहत असतात.

त्याच प्रसंगात बहुधा आणखी एक गोष्ट घडते. पुढचं मूल दोन्ही हात पसरतं, आणि मागचं त्याच्या पाठीला दोन्ही तळवे लावून ढकलतं. आता फाऊल कुणाचा? हातांनी किंवा अंगाने प्रतिस्पर्ध्याला थोपवून धरलं तर ते राखणं उरत नाही; त्याच्या हालचालीला खीळ बसली की ते पकडणं होतं. उघडलेल्या हाताने नुसता स्पर्श झाला आणि समोरच्याची चाल थांबली नाही, तर फाऊल नाही. पाठीवर ढकलणं तर उघडच आहे. म्हणून पंचाला क्रम पाहावा लागतो: आधी हात पसरले गेले की आधी धक्का बसला? दोन्ही एकाच क्षणी झालं असेल, तर जो गुन्हा जास्त गंभीर त्याची शिक्षा, असं नियम सांगतो. शाळकरी सामन्यात मागच्या मुलाचा धक्काच सर्वांना दिसतो, कारण तो ठसठशीत असतो, आणि आधी पसरलेले हात सुटून जातात. मग मागच्याची समजूत होते की पंच दुसऱ्या शाळेचे आहेत.

अडवणुकीत स्पर्श झाला की नाही यावर शिक्षा बदलते. स्पर्श नसेल तर इनडायरेक्ट फ्री किक; म्हणजे चेंडू दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय थेट गोल होत नाही. स्पर्श झाला तर डायरेक्ट. हा फरक नियमांच्या २०१६ च्या मोठ्या फेरलेखनात स्पष्टपणे मांडला गेला. जुने प्रशिक्षक अजून 'ऑब्स्ट्रक्शन' म्हणतात आणि प्रत्येक वेळी इनडायरेक्टच मागतात. डी मध्ये हा फरक फार महाग पडतो. स्वतःच्या डी मध्ये बचावपटूने अंग लावून अडवलं तर पेनल्टी, नुसतं आडवं येऊन अडवलं तर त्याच जागेवरून इनडायरेक्ट. आणि इथे 'बेफिकीर होता की नाही' वगैरे पायऱ्या मोजायच्या नसतात. अंग लावून अडवणं आणि पकडणं हे घडलं की फाऊलच. किती जोरात, हा प्रश्न फ्री किकसाठी येतच नाही.

कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकासमोर उभा केलेला मुलगा हेही कडेच्या वादाचं आवडतं ठिकाण. तो तिथे आधीपासून उभा असेल आणि जागा सोडत नसेल, तर त्याचा त्या जागेवर गोलरक्षकाइतकाच हक्क आहे. चेंडू हवेत उडाल्यावर तो गोलरक्षकाच्या पावलाबरोबर डावी-उजवीकडे सरकू लागला की अडवणूक. आपला पहारा कशावर आहे, चेंडूवर की गोलरक्षकावर, हे त्याची मानच सांगते. पंच ती मान पाहतात. सात-आठ वर्षांच्या गटात मात्र यातलं काहीही शोधू नये. तिथे सगळा घोळका चेंडूभोवती असतो, एखादं मूल वाटेत नुसतं थबकलेलं असतं आणि मागचं त्याला आपटतं. दोघांना उठवावं आणि खेळ पुढे चालू द्यावा.

"आधी बॉल काढला, सर!" हा बचाव मुलं कुठून शिकतात कोण जाणे, पण प्रशिक्षकही तो ठासून मांडतात. त्याला थोडा इतिहास आहे. १९९७ च्या नियमपुस्तकात चेंडूला लागण्याआधी प्रतिस्पर्ध्याला लागलेला टॅकल हा वेगळा फाऊल म्हणून लिहिलेला होता. त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला की आधी चेंडू लागला तर पुढचं सगळं माफ. तसं तेव्हाही नव्हतं, आणि पुढे ते कलमही गेलं. आता चेंडूला आधी स्पर्श झाला हा पंचाच्या विचारातला एक धागा आहे, पण चेंडू टोलावून तोच पाय सरळ, तळवा दाखवत नडगीवर गेला तर तो बेफिकीर किंवा त्याहून वाईटच. घसरत जाऊन केलेला टॅकल नियमाने बंद नाही. काही लीग लहान गटांत तो बंद करतात आणि मला ते रास्त वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाला घसरण्याची वेळ साधणं जमत नाही आणि उभ्या मुलाला वरून उडी मारणं जमत नाही.

स्पर्श न होताच फाऊल ठरणारी आणखी एक गोष्ट म्हणजे धोकादायक खेळ. डोक्याच्या उंचीवर उचललेला पाय, आणि त्याच्या भीतीने मागे हटलेला प्रतिस्पर्धी. धोका स्वतःलाही असू शकतो: गुडघ्याएवढ्या उंचीचा चेंडू वाकून डोक्याने मारायला जाणारा मुलगा दुसऱ्याच्या पायापुढे स्वतःचं डोकं आणतो, तर फाऊल त्याच्यावर. लहान मुलांत याचं एक खास रूप आहे. मूल पडतं, चेंडू त्याच्या पोटाखाली येतो, आणि चारी बाजूंनी पाय सुरू होतात. जमिनीवर पडून खेळणं हा स्वतःहून गुन्हा नाही, पण पंचाने इथे तत्त्वचर्चेत एक सेकंदही घालवू नये. शिट्टी आधी, कुणाला किक द्यायची हे नंतर. अमेरिकेत डोक्याच्या दुखापतींवरून झालेल्या खटल्यानंतर २०१५ मध्ये यू. एस. सॉकरने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला बंदी घातली. तिथे आता त्या गटांच्या सामन्यात मुद्दाम हेडर मारला की इनडायरेक्ट फ्री किक मिळते. इंग्लंडही लहान गटांतून हेडर टप्प्याटप्प्याने काढत आहे.

हे सगळं दिसण्यासाठी पंच योग्य जागी असावे लागतात. दोन खेळाडू आणि पंच एका सरळ रेषेत आले, की पुढच्याच्या पाठीआड सगळं झाकलं जातं. म्हणून पंच बाजूने धावतात, दोन अंगांच्या मधली फट दिसेल अशा कोनात. आणि चेंडू पायातून सुटल्यावरही नजर अर्धा-एक सेकंद त्या दोघांवर ठेवतात. उशिराचा पाय, उशिराचं कोपर तेव्हाच येतं. या अर्ध्या सेकंदाची किंमत १९८२ च्या विश्वचषकात साऱ्या जगाने पाहिली. सेव्हिलमधल्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक टोनी शूमाखर फ्रान्सच्या पॅट्रिक बॅटिस्टनवर अंग झोकून आदळला. बॅटिस्टनचे दात पडले, मणक्याला इजा झाली, तो शुद्ध हरपून पडला. पंचांनी फाऊलही दिला नाही. गोल किक दिली.

विश्वचषकात त्या पंचांच्या मदतीला दोन लाइन्समन तरी होते. शाळांच्या सामन्यांत पुष्कळदा एकटेच पंच असतात. रेषेवर झेंडा घेऊन उभा असतो कुठल्यातरी संघाचा बदली खेळाडू, आणि त्याच्याकडून चेंडू बाहेर गेला की नाही यापलीकडे काही मागता येत नाही. अशा वेळी पंचाने चेंडूमागे जास्त धावावं आणि शिट्टी कमी वाजवावी, असं जुने जाणते सांगतात. नियमपुस्तकात एके काळी पंचांना उद्देशून तशी सूचनाच होती: क्षुल्लक आणि संशयास्पद गोष्टींवर सतत शिट्टी वाजवली तर खेळाडू चिडतात आणि पाहणाऱ्यांचा आनंद जातो. ते कलम आज त्या शब्दांत नाही, पण पंचाने खेळाचा आत्मा सांभाळून निर्णय द्यावा असं पाचवा नियम अजूनही सांगतो. मुलांच्या बाबतीत मी त्यात एक दुरुस्ती करीन. फाऊल झाला पण ज्याच्यावर झाला त्याच्या संघाकडेच चेंडू आहे, तर मोठ्यांच्या सामन्यात 'ॲडव्हान्टेज' देऊन खेळ चालू ठेवतात. दहा वर्षांच्या मुलांना त्या मोकळिकीचा फायदा उठवता येत नाही, आणि पडलेलं मूल एवढंच पाहतं की आपल्याला लागलं आणि कुणी थांबलं नाही. त्या वयात शिट्टी वाजवून थांबणंच बरं. पंधरा-सोळाव्या वर्षी मात्र थांबवलेला चांगला हल्ला मुलांना फाऊलइतकाच झोंबतो.

गावागावाप्रमाणे मुलांच्या मनातलं धक्क्याचं माप वेगळं असतं. कोल्हापुरात पेठांचे तालीम संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, भरल्या गॅलरीपुढे. तिथलं पोर चार-पाच वर्षांचं असल्यापासून मोठ्यांची रेटारेटी पाहत आलेलं असतं. खांदा लागला म्हणून ते पडत नाही आणि पडलं तर हात वर करत नाही. त्याच पोराला आठवड्यात दोनदा कोचिंगला जाणाऱ्या शहरी संघासमोर उभं केलं, की एका बाजूला सगळंच फाऊल वाटतं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पंचाला आपली रेघ पहिल्या दहा मिनिटांत दाखवावी लागते आणि ती सत्तराव्या मिनिटाला हलवता येत नाही. ही रेघ जराशी कडक असली किंवा जराशी सैल, मुलं तिच्याशी जुळवून घेतात. सरकणारी रेघ त्यांना सोसत नाही.

बेफिकीर फाऊलसाठी पिवळं कार्ड आहेच, पण मुलांच्या सामन्यांसाठी आयफॅबने आणखी एक साधन दिलं आहे: कार्ड मिळालेल्या खेळाडूला ठरावीक मिनिटं बाहेर बसवणं. संघाला लगेच फटका बसतो, मुलाचं डोकं शांत होतं, आणि ते पुन्हा खेळायला येतं. बारा वर्षांच्या मुलासाठी पुढच्या सामन्याची बंदी फार लांबची गोष्ट असते. आत्ताची दहा मिनिटं त्याला समजतात.

आणि हे सारं ठरवणारा पंच अनेकदा स्वतःच शाळकरी असतो. अमेरिकेत तेराव्या वर्षीही पंचाचा प्राथमिक परवाना मिळू शकतो, आणि लहान गटांचे सामने तिथे चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली घेताना दिसतात. त्यांच्यावर ओरडणारे असतात चाळिशीतले लोक. हा त्रास इतका वाढला की इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये हौशी सामन्यांच्या पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले गेले, आणि यू. एस. सॉकरने २०२५ पासून पंचांना शिवीगाळ करणाऱ्यांसाठी कडक शिक्षांचं धोरण लागू केलं. पंच अल्पवयीन असेल तर शिक्षा आणखी वाढते.

अशा नव्या पंचाला अडवणुकीची शिट्टी वाजवायला सर्वांत जास्त धैर्य लागतं, कारण दाखवायला ना पडलेलं मूल असतं ना खरचटलेला गुडघा. शिट्टी वाजवून झाल्यावर डोक्यावरचा हात धरून ठेवायचाही असतो, किक मारली जाऊन चेंडू दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत. गोंगाटात तो हात उचलायचा राहून जातो. तसं झालं आणि मुलाने चेंडू थेट जाळ्यात मारला, तर नियमाचं उत्तर ठरलेलं आहे: गोल नाही, गोल किकही नाही, किक पुन्हा. चूक पंचाची असल्याने किक मारणाऱ्या संघाला तिची झळ लागू द्यायची नाही. चेंडू त्याच जागी पुन्हा ठेवायचा, आणि या वेळी आधी हात वर करायचा.